फुलमिना

मिस्सा सुटल्यावर, सायकली लावतात तिथं,
नवे ब्रदर हसत म्हणाले,
तुमच्या संतेचं नाव कॅलेंडरमधून केव्हाच काढलंय, ताई.
ती होऊन गेली की नाही, त्यालाच पुरावा नाही.
आवाजात वाईट काही नव्हतं.
प्लॅटफॉर्म बदललाय असं सांगतात, तसं.

पंचावन्न वर्षं ज्या नावाला ओ देतेय
ते घेऊन सदरहून सेमिनरी हिल्स चढले.
मे महिना. डांबर चप्पल धरून ठेवत होतं.

होस्टेलात चौतीस मुली, म्हणजे एकशे दोन पोळ्या,
आणि कूलर मुलींकडे तोंड करून.
तव्यापुढे मला लॉरेन्स आठवतो.
त्याला जाळीवर भाजलं, तर म्हणाला म्हणे,
ही बाजू झाली, आता उलटा.
लहानपणी मी त्याच्या चित्राला भ्यायचे.
आता वाटतं आमच्यातलाच कोणी,
सेहेचाळीस डिग्रीत विनोद करणारा.
पोळी उलटताना त्याचंच वाक्य म्हणते.
प्रार्थना म्हणाल तर हीच. मोठ्या पाठ होत नाहीत.

राग मात्र जुना आहे माझा.
आपलं कॅथीड्रल ज्याच्या नावाचं, तो फ्रान्सिसही तापट,
जीभ आवरायला त्याला वीस वर्षं लागली म्हणतात.
माझी एकतीस झाली.
परवाच कणकेवरून दुर्पतावर ओरडले,
तर भिंतीवरची पाल पळाली, दुर्पता नाही.

ती गोरेवाड्याहून येते. मला म्हणते फुलमिनाबाई.
कितीदा सांगितलं, फिलोमिना.
‘तेच तं म्हनून राह्यली ना मी.’

सिस्टर म्हणाल्या, पोळ्या कमी भरतात, लक्ष ठेव.
ठेवलं.
रात्री भांडी आटपून ती निघाली,
पदर पोटाशी, जरा जास्तच घट्ट.
जन्मभर पोळ्या लाटणारीला
कापडाआडची वाफही दिसते.

लुक्का गावात झीटा होती, मोलकरीण.
धन्याची भाकर पदरात घालून भुकेल्यांना न्यायची.
धनी आडवा आला, दाखव म्हणाला.
पदर सोडला, तर फुलं.
धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही सगळ्या मुली
मनातून झीटा व्हायचो.
धन्याच्या जागी मी आज पहिल्यांदा उभी होते.

दाखव. एवढंच म्हणायचं होतं, जिभेवर आलंही होतं.
पण मला माझी ऐपत माहीत आहे.
माझ्यासमोर फुलं होणार नाहीत.
पोळ्याच निघतील, चार, फार तर पाच,
आणि दुर्पताचा चेहरा,
जो मला उद्या बघायचाय, परवाही.
चमत्कार आपल्या हातचा नसेल
तर माणसानं निदान पदर सोडायला लावू नये.

नळ सोडला. धुतलेली परात पुन्हा धुतली.
पाठमोरीच म्हटलं, उद्या लवकर ये.
मग सिस्टरकडे गेले. म्हटलं, उद्यापासून एकशे आठ करीन,
जादा पिठाचे पैसे माझ्यातून कापा.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
वहीत काही लिहिलं नाही.

झोप येईना.
बाबा अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत फरश्या बसवायचे.
माझ्या नावाची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकली:
रोममध्ये, जमिनीखाली, एका थडग्यावर तीन फरश्या,
अक्षरं मागची पुढे, काही लागेना.
कोणीतरी जागा बदलून पाहिली, आणि वाचता आलं,
शांती असो तुला, फिलोमिना.
बसवणाऱ्यानं घाई केली असणार, बाबा म्हणायचे,
संध्याकाळ झाली असेल.

आत कोण होतं, ब्रदर, मलाही माहीत नाही.
कोणी तरी निजलं होतं,
आणि कोणी तरी, चुकतमाकत,
तिला शांती म्हटलं होतं.

सकाळी दुर्पता दहा मिनिटं आधीच आली.
‘काऊन वं फुलमिनाबाई, डोये लाल?’
कांदा, म्हटलं.
परात तिच्याकडे सरकवली.
नाव या वेळी दुरुस्त केलं नाही.